कर्नेलचे अंतरंग (लेखांक नववा) : पाच बाइटांची जागा

फंक्शन कॉलच्या वेळी परतीचा पत्ता स्टॅकवर कसा नोंदला जातो, ते मागील लेखांकात आपण पाहिले. परंतु ती नोंद हा खर्चाचा अल्पसा भाग असून, खरा भुर्दंड असा की बोलावलेले फंक्शन कोणकोणत्या रजिस्टरांत उलथापालथ करील याची शाश्वती नसल्यामुळे, ज्यांच्या रक्षणाची हमी शिरस्त्याने दिलेली नाही ती सारी रजिस्टरे बिघडली असे गृहीत धरूनच कंपायलरला पुढची तजवीज करावी लागते. अकोल्याच्या तहसिलीत जागच्या जागी निकालात निघावे असे प्रकरणही मंजुरीसाठी अमरावतीच्या आयुक्त कचेरीत रवाना करावे आणि ते परत येईतो दफ्तर बांधून ठेवावे, तसा हा प्रकार आहे. प्रकरण मोठे असेल तर तो शोभतो, एका ओळीच्या शेऱ्यासाठी शोभत नाही.

संख्येतील 'एक' असलेले बिट मोजणे हे असेच एका ओळीचे काम. प्रोसेसरांच्या एखाद्या संचात किती प्रोसेसर आहेत, यासारख्या गोष्टींसाठी लिनक्सच्या कर्नेलला ते वारंवार लागते. पूर्वी त्याकरिता एका फंक्शनात वीसएक क्रिया खर्ची पडत. २००८ साली इंटेलच्या नेहालेम प्रोसेसरांत 'पॉपकाउंट' ही आज्ञा आली आणि तेच काम ती एकटी करू लागली. मग सर्वत्र तीच का लिहू नये? कारण अमरावतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील नव्या यंत्रावर चालणारे कर्नेल अकोल्याच्या एखाद्या दुकानातील जुन्या संगणकावरही चालले पाहिजे, आणि जुना प्रोसेसर ही आज्ञा ओळखतच नाही.

लिनक्स कर्नेलचे एक विकासक बोरिस्लाव पेटकोव्ह यांनी २०१० साली या कामी योजलेली युक्ती मला फार मार्मिक वाटते. इनलाइन असेंब्लीत कॉल लिहावयाचा, पर्यायी आज्ञा एका निराळ्या तक्त्यात नोंदवून ठेवावयाची, आणि यंत्र सुरू होताना प्रोसेसरची ओळख पटली की कर्नेलने स्वतःच्याच मजकुरात हात घालून, कॉल खोडून, तेथे पॉपकाउंट बसवावयाची. कॉल पाच बाइटांचा; ६४ बिटांची ही आज्ञाही नेमकी पाच बाइटांची; ३२ बिटांची चारच बाइटांची असल्यामुळे उरलेल्या बाइटवर काहीच न करणारी 'नॉप' ठेवतात. म्हणूनच डिस्कवरील कर्नेलची फाइल उलगडणाऱ्यास कॉल दिसतो, आणि नव्या यंत्राच्या चालू मेमरीत त्याचा मागमूसही नसतो.

यातील जोखीम मात्र हलकी नव्हे. असेंब्लीच्या पोटातला कॉल कंपायलरला दिसत नाही. ती ओळ तो जशीच्या तशी पुढे धाडतो आणि रजिस्टरांविषयी लिहिणाऱ्याने दिलेली कैफियतच प्रमाण मानतो. ती अपुरी असेल, तर चूक भलत्याच ठिकाणी, भलत्याच वेळी उमटते. म्हणून जुन्या यंत्रांसाठीचे ते मोजणीचे फंक्शनही, वापरलेली रजिस्टरे पूर्ववत करून परतणारे असे, पुढे असेंब्लीतच लिहावे लागले. कॉलच्या खर्चाचा काच मोजमापाने सिद्ध झाल्यावाचून कोणी या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे.

कॉल खोडून आज्ञा बसवण्याचा हा फेरफार चालतो तेव्हा इतर प्रोसेसर अद्याप जागे झालेले नसतात. ते जागे असताना, त्यांतील एखादा तीच आज्ञा वाचीत असताना, ती कशी बदलावयाची, याचा विचार पुढील आठवड्यात करू.