उलव्याचा खासदार ‘मावळ’चा कसा?

उलवे रायगड जिल्ह्यात, पण खासदार मावळचा. असं का?

२००८च्या मतदारसंघ पुनर्रचनेआधी पनवेल-उरण पट्टा कुलाबा मतदारसंघात होता. दि. बा. पाटील (१९७७, १९८४) आणि रामशेठ ठाकूर (१९९८, १९९९) तिथूनच शेकापचे खासदार झाले. पुनर्रचनेत हा पट्टा घाटावरच्या पिंपरी-चिंचवडशी जोडला गेला आणि गणित बदललं.

२००९पासून चारही वेळा शिवसेनाच जिंकली. आधी गजानन बाबर, मग तीनदा श्रीरंग बारणे. २०१९ला बारणेंनी पार्थ पवारांना २,१५,९१३ मतांनी हरवलं. २०२४ला मात्र सेना फुटलेली होती. शिंदेंच्या शिवसेनेचे बारणे ठाकरे गटाच्या संजोग वाघेरेंपुढे ९६,६१५ मतांनीच जिंकले.

शेजारच्या विमानतळाला ‘दिबां’चं नाव द्यावं म्हणून भूमिपुत्र रस्त्यावर उतरले. त्यांच्या पक्षाचा खासदार मात्र मावळमधून एकदाही झालेला नाही.