जुन्या जीपगाडीचा अल्टरनेटर

पावसाळ्यांतल्या रात्रीं घाट चढतांना गाडीचे दिवे मंद होऊं लागले, कीं दोष सहसा बॅटरीच्या माथीं मारला जातो. नवी बॅटरी आणली जाते आणि थोड्याच दिवसांत तीहि थकते. बॅटरी ही केवळ विजेची साठवण होय. ती भरण्याचें काम अल्टरनेटरचें. म्हणून पैसे खर्चण्यापूर्वीं खरा दोषी कोण, तें ठरवावें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

१९४१ ते १९४५ या युद्धकाळांतील विलिस जीपमध्यें ६ व्होल्टचा डायनॅमो असे. पुढें जीपगाड्यांत १२ व्होल्टचा अल्टरनेटर आला. एंजिनावरील पट्ट्यानें त्यांतील विद्युच्चुंबक फिरतो, भोंवतालच्या स्थिर वेटोळ्यांत उलटसुलट वाहणारी वीज उत्पन्न होते, आणि डायोड तिला एकाच दिशेनें वाहावयास लावतात.

परीक्षा सोपी आहे. एंजिन बंद असतां भरलेल्या बॅटरीवर व्होल्टमापक सुमारें १२.६ दाखवितो, एंजिन चालूं होतांच तो १४ च्या आसपास गेला पाहिजे. न गेल्यास आधीं पट्टा पाहावा. अंगठ्यानें दाबल्यास तो साधारण एक सेंटिमीटर लवावा. सैल पट्टा घसरतो, अति ताणलेला बेअरिंग झिजवितो. मग बॅटरीचीं टोकें आणि सांगाड्यास जोडलेली तार घासून स्वच्छ करावी. चारी चाकांना जोर देणारी ही गाडी ओढ्यांतून व चिखलांतून जाते. तो गाळ आंत शिरून ब्रश लवकर झिजतात, हेंहि ध्यानांत असावें.

एंजिन चालूं असतां बॅटरीची तार सोडून पाहण्याची डायनॅमोच्या काळची रीत मात्र सोडून द्यावी. अल्टरनेटरचे डायोड तेवढ्यानें जळूं शकतात.

अल्टरनेटर बदलणेंच भाग पडलें, तर प्रथम बॅटरीचें ऋण टोक सोडावें. अल्टरनेटरची जाड तार बॅटरीशीं जोडलेलीच असते. तिला लागलेला पाना गाडीच्या लोखंडास टेकला, तर मोठी ठिणगी उडते. कोणती तार कोठें होती, तें कागदावर टिपावें. नवा अल्टरनेटर तितक्याच व्होल्टचा, निदान तितक्याच अँपिअरचा असावा व त्याची कप्पी जुन्या रेषेंतच यावी. ऋण टोक सर्वांत शेवटीं जोडावें आणि दिवे लावून पुन्हां माप घ्यावें.

दोन मिनिटांची ही परीक्षा घरच्या अंगणांत केली, तर घाटांतल्या काळोखांत ती करण्याचा प्रसंग सहसा येणार नाहीं.