पॉइंट टू-टूचा नेम कुठे चुकतो?

पन्नास मीटर रायफल स्पर्धेच्या कागदी लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, सदऱ्याच्या बटणाएवढे. त्यावर झाडायची शिशाची गोळी ५.६ मिलिमीटर जाडीची. २०१० साली म्युनिकमध्ये कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी ५० मीटर प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून विश्वविजेतेपद पटकावले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक आणले. दोघांच्याही रायफलीत होते ते 'पॉइंट टू-टू लाँग रायफल' हे काडतूस. एनसीसीच्या शिबिरात आपल्यापैकी अनेकांनी पहिल्यांदा खांद्याला लावलेली रायफलही पॉइंट टू-टूचीच.

काडतूस एकच असले तरी रायफली एक नसतात. स्पर्धेची नवी परदेशी रायफल काही लाखांना पडते. त्यामुळे लहान गावांतील नेमबाजांचे शिक्षण बहुधा दुसऱ्या, तिसऱ्या हातातून आलेल्या रायफलीवर होते. अशा रायफलीचा नेम बसेना, की दोनच निकाल लागतात. एक, पोराचा हात हलतो. दोन, नळी गेली. पहिल्या निकालाने पोर खेळातून जाते, दुसऱ्याने रायफल भंगारात जाते. हे दोन्ही निकाल देण्याआधी काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने, एवढाच या लेखाचा विषय आहे.

मी शस्त्रविद्येचा पदवीधर नाही. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी ओळखले जाते. त्या धंद्याची माहिती गोळा करता करता मी धातूच्या कामाकडे वळलो आणि पितळेच्या पातळ पत्र्याचा माग काढत काडतुसापर्यंत आलो. शहराजवळच्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोटके आणि तोफा-बंदुकांची दारू तयार होते, त्यामुळे या विषयाची बोलणी आमच्याकडे तशी परकी नाहीत. पुढे दिलेली निरीक्षणे परवानाधारक मालकांसोबत, चांदमारीच्या मैदानावर बसून वहीत टिपलेली आहेत.

काडतुसाची घडण

मोठ्या रायफलीच्या काडतुसात ठिणगी देणारी टोपी बुडाच्या मध्यभागी असते. पॉइंट टू-टूमध्ये वेगळी टोपीच नसते. पितळी नळकांड्याच्या बुडाला जी बारीक कड असते तिच्या पोकळीत स्फोटक मसाला ओला भरतात आणि काडतूस गरगर फिरवून तो कडेभर पसरवतात. फायरिंग पिन ही कड चेचते आणि दारू पेटते. फ्रान्समध्ये फ्लोबेर यांनी १८४५ च्या सुमारास ही कल्पना रुजवली. आजचे लाँग रायफल काडतूस १८८७ पासूनचे आहे.

या घडणीचे दोन परिणाम लक्षात ठेवावेत. मसाला कडेभर सारखा पसरला नसेल तर प्रत्येक गोळीचा वेग थोडा वेगळा पडतो. आणि हे काडतूस पुन्हा भरता येत नाही, म्हणून दारूचे माप आपल्या रायफलीला जुळवून घेण्याची सोय नाही. कारखान्याने दिले त्यातून निवडणे एवढेच हातात राहते.

वेगातील फरकाचा हिशेब सोपा आहे. स्पर्धेची गोळी सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने निघते. पन्नास मीटर जाईपर्यंत ती साधारण १२ सेंटिमीटर खाली येते. वेग १० मीटरने कमी पडला तर ती आणखी सात-आठ मिलिमीटर खाली लागते. दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे आहे हे आठवले, की काडतुसाला किती महत्त्व आहे ते कळते.

आधी मोजणी

'नेम बसत नाही' या तक्रारीत दोन वेगळी दुखणी असतात. सगळ्या गोळ्या एकाच जागी, पण मध्यापासून दूर लागत असतील तर रायफल निरोगी आहे. साइट फिरवली की काम झाले. गोळ्या विखुरत असतील तरच शोध सुरू करायचा.

त्यासाठी रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून, वारा नसलेल्या सकाळी, एकाच खोक्यातील काडतुसांनी दहा गोळ्या झाडाव्यात. कडेच्या दोन छिद्रांचे बाहेरून बाहेर अंतर मोजून त्यातून ५.६ मिलिमीटर वजा केले की ग्रुपचे माप मिळते. असे तीन ग्रुप घ्यावेत. तीन गोळ्यांचा देखणा ग्रुप कोणतीही रायफल कधीतरी देतेच. चांगली स्पर्धा-रायफल मानवलेल्या काडतुसांनी पन्नास मीटरवर दहा गोळ्या १५ मिलिमीटरच्या आसपास ठेवते. साध्या रायफलीने २५-३० मध्ये ठेवल्या तरी समाधान मानावे.

मापाइतकाच ग्रुपचा आकार बोलका असतो. छिद्रे उभ्या रेषेत पसरली तर काडतूस, पिन किंवा नेमबाजाचा श्वास. आडवी पसरली तर वारा किंवा खटका ओढण्याची पद्धत. नळी तापत जाईल तशी एकाच दिशेने सरकली तर दस्त्याचे लाकूड कुठेतरी नळीला दाबते आहे. आणि दोन वेगळे पुंजके पडले तर रायफलीत काहीतरी सैल आहे आणि ते दोन जागी बसते आहे.

तपासाचा क्रम

माझा नियम साधा आहे. जे स्वस्त आहे आणि पूर्ववत करता येते ते आधी; जे महाग आहे आणि एकदा केले की परत फिरत नाही ते शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दर वेळी पुन्हा दहा गोळ्या.

पहिले काडतूस. तीन-चार प्रकारची घेऊन पाहावीत. एका रायफलीला मानवते ते शेजारच्या रायफलीला मानवेलच असे नाही. या गोळीला बाहेरून मेणासारखे वंगण असते आणि त्याचा थर नळीत बसतो. म्हणून प्रकार बदलल्यावर पहिल्या दहा-पंधरा गोळ्या हिशेबात धरू नयेत.

दुसरे, साइट किंवा दुर्बीण. तिचे स्क्रू, पट्टी, कड्या हाताने हलवून पाहाव्यात.

तिसरे, सफाई. चेंबरच्या लगेच पुढे शिसे आणि काजळी यांचे कडे साचते. ते काढताना बोल्ट बाहेर घेऊन मागच्या बाजूनेच गज घालावा. तोंडाकडून गज घालण्याच्या सवयीने कित्येक जुन्या नळ्यांचे तोंड झिजले आहे. गोळी शेवटचा स्पर्श तिथे करते. ती सेकंदाला सुमारे आठशे गिरक्या घेत बाहेर पडते आणि त्या क्षणी कडेला बारीकशी खोच असली तरी तिला धक्का बसतो. तोंडावरून कापसाचा बोळा आतून बाहेर हळूच फिरवावा. धागा अडकला तर तिथे बोच आहे.

चौथे, पिन. झाडलेल्या दहा काडतुसांच्या कडेवरचे ठसे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. खोली कमी-जास्त असेल तर स्प्रिंग थकली आहे किंवा बोल्टमध्ये जुने तेल गोठले आहे. रिकाम्या रायफलीचा खटका ओढत बसण्याने पिन थेट चेंबरच्या काठावर आपटते. जुन्या रायफलींत तिथे खळगा सापडतो.

पाचवे, दस्ता. ही आपल्या हवेची खास गोष्ट. भंडारा हा तळ्यांचा आणि धानाचा जिल्हा. पावसाळ्यात लाकूड फुगते, वैशाखात आक्रसते. नळी आणि लाकूड यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवून कुठे अडते ते पाहावे. मात्र अडली म्हणून लगेच लाकूड तासू नये. काही रायफलींत पुढे मुद्दाम टेकू ठेवलेला असतो.

नळी सगळ्यात शेवटी. शिशाची मऊ गोळी नळीला फारशी झिजवत नाही. जुन्या नळ्या बहुधा गंजाने जातात. जुन्या काळच्या काडतुसांच्या मसाल्यातून क्षार उरत आणि ते दमट हवेत पोलाद खात.

एका रायफलीची गोष्ट

विदर्भातील एका क्लबने श्रावणात जुनी बोल्ट रायफल घेतली. सुरुवातीला ती चांगली चालली. माघात तिचे ग्रुप ४५ मिलिमीटरच्या वर गेले. ती वापरणाऱ्या अकरावीतल्या मुलीला 'श्वास आवरत नाही' असे सांगून संघाच्या निवडीतून बाजूला ठेवले गेले होते. एका दुरुस्तीवाल्याने नळी बदलायचा सल्ला दिला होता.

तिच्या लक्ष्याच्या कागदांवर मला दोन पुंजके दिसले. दोन अनुभवी नेमबाजांना तीच रायफल दिली. त्यांचेही दोनच पुंजके. काडतूस बदलले, पुंजके लहान झाले, पण दोनच राहिले. साइट घट्ट होती. मग दस्त्याला धरून ठेवणारे स्क्रू पाहिले. पुढचा स्क्रू पूर्ण आवळलेला होता, तरी दस्ता किंचित हलत होता. स्क्रू लाकूड दाबण्याआधीच आपल्या छिद्राच्या तळाला टेकत होता. श्रावणात फुगलेल्या लाकडाने ती फट भरून काढली होती. हिवाळ्यात लाकूड आक्रसले आणि फट उघडी पडली. परवानाधारक कारागिराने स्क्रू एका आट्याने आखूड केला. पुढचे तिन्ही ग्रुप २४ मिलिमीटरच्या आत आले. मुलगी पुढच्या निवडीला बसली.

कायद्याचे भान

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याने लक्ष्यभेदासाठी वापरायच्या पॉइंट टू-टू रायफलीचा वेगळा उल्लेख आहे. पण परवाना लागतोच, आणि कलम ५ नुसार शस्त्रांच्या दुरुस्तीचा व्यवसायही परवान्याशिवाय करता येत नाही. म्हणून पाहणे, मोजणे, सफाई आणि स्क्रू आवळणे मालकाने करावे. नळीचे तोंड, खटका, चेंबर आणि पिन यांना कानस लावण्याचे काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावे.

जुनी रायफल घेणाऱ्याने तिच्यासोबत एक वही सुरू करावी. तारीख, हवा, काडतुसाचा प्रकार आणि खोक्यावरचा लॉट क्रमांक, झाडलेल्या गोळ्या, ग्रुपचे माप, आणि त्या दिवशी काय बदलले ते. रायफल विकताना वहीही पुढच्या मालकाला द्यावी. वर सांगितलेल्या क्लबकडे तशी वही असती, तर श्रावण आणि माघ यांची पाने शेजारी ठेवून दोष स्क्रूचा की श्वासाचा हे एका बैठकीत कळले असते.