सातबारा मुलांच्या नावे करण्यापूर्वी



या पानावर आम्ही एरवी बेणे, खताच्या मात्रा, खोडव्यातील पाचट यांविषयी लिहीत असतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. ऊस नोंदीच्या निमित्ताने आमच्या शेतकी खात्याला घरोघरचे बघायला मिळते. बघून गप्प बसवत नाही, म्हणून हे लिहीत आहोत.

मागील हंगामात सत्तरी ओलांडलेले एक जुने सभासद गट ऑफिसला आले. "साहेब, माझं बिल जमा झालं का?" आम्ही रजिस्टर काढले. त्यांच्या नावे नोंदच नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सगळी जमीन बक्षीसपत्राने मुलाच्या नावे केली होती. नोंद मुलाची, बिलही मुलाच्या खात्यावर. म्हाताऱ्याला चष्म्यापुरते पैसे हवे होते. "मागायची लाज वाटते हो," एवढेच बोलून ते काठी टेकीत निघून गेले. नाव-गाव सांगत नाही.

मुलांना जमीन देऊ नका, असे आमचे म्हणणे नाही. राबणाऱ्या मुलाच्या नावावर जमीन असली की पीककर्ज, ठिबक ही कामे सोपी होतात. म्हणणे एवढेच, की कागद करताना आपला निवारा आणि आपली भाकरी त्याच कागदात लिहून घ्या.

कायदा काय सांगतो?

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण यासाठी २००७ सालचा केंद्राचा कायदा आहे. त्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळले नाही, तर तो व्यवहार रद्द करून मागता येतो. पण अट हवी. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये एका निकालात हेच सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील एका आईचे बक्षीसपत्र याच न्यायालयाने रद्द ठरविले. तिथे मुलाने सांभाळण्याचे वचनपत्र लिहून दिलेले होते. सांगायचे तात्पर्य, तोंडी शब्दावर राहू नका.

अट मोघम नको. राहायला कोणती खोली, जेवण, कपडालत्ता, औषधपाणी, दरमहा हातखर्च किती, आणि आपल्या पश्चात पत्नीचे काय, हे सगळे लिहावे. पुष्कळ घरांत हाल होतात ते मागे राहिलेल्या म्हातारीचे.

दुसरा मार्ग मृत्युपत्राचा. ते आपल्या पश्चात अमलात येते आणि हयातीत केव्हाही बदलता येते. मात्र वडिलोपार्जित जमिनीत आपला हिस्सा असेल तेवढ्याचेच करता येते. वाटणी करायची असेल, तर नवरा-बायकोने आपल्यापुरता तुकडा व राहती खोली आपल्या नावे ठेवावी. त्या तुकड्यातील उसाची नोंद स्वतःच्या नावे द्या, बिल स्वतःच्या खात्यावर घ्या. शेअरला वारस लावल्याने तो हयातीत आपल्या हातून जात नाही, तेव्हा ती नोंद बिनधास्त करावी.

आधीच देऊन बसलो असू तर?

तरीही मुलांकडून निर्वाह मागण्याचा हक्क राहतोच. प्रांत कार्यालयातील निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा. दरमहा १० हजार रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते आणि अर्ज साधारण ९० दिवसांत निकाली काढावा, असे कायद्यात आहे. मूलबाळ नसेल, तर ज्याच्याकडे आपली मालमत्ता आहे किंवा जाणार आहे, त्या नातेवाइकाकडून मागता येते. कुठे जावे हे कळत नसेल, तर १४५६७ या ज्येष्ठांच्या मोफत क्रमांकावर फोन करा.

आणखी काही सोयी

वय ७० पूर्ण असेल तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे दवाखान्यातील उपचार त्यात बसतात. ६५ वर्षांवरील, वार्षिक २१ हजार रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे. बागायतदार सभासद त्यात सहसा बसणार नाहीत, पण शेजारची भूमिहीन म्हातारी बसेल. तिचा अर्ज तहसीलला देण्यास मदत करा.

घरातच राहायचे तर संडासाशेजारी हाताला धरायला पाइप बसवावा, उंबऱ्याजवळ रात्री दिवा ठेवावा. पडून खुबा मोडला की घराचे सगळेच बदलते. घरात निभतच नसेल, तर वृद्धाश्रमात जाण्यात कमीपणा नाही. मात्र आधी जेवणाच्या वेळी जाऊन बघावे. रात्री माणूस कोण असतो, डॉक्टर केव्हा येतो, अंथरुणाला खिळल्यावर ठेवून घेतात का, अनामत परत मिळते का, हे विचारून लेखी घ्यावे.

सभासद बंधूंनो, खोडवा चांगला यावा म्हणून आपण लागणीपासून काळजी घेतो. म्हातारपणाचेही तसेच करावे लागते. कागदावर सही करण्याआधी वकिलाला दाखवा, घरात सर्वांसमक्ष वाचून घ्या. मुलाचा मान राखूनही हे करता येते. चांगल्या मुलाला अशा अटीचे वाईट वाटणार नाही.

— ऊस विकास अधिकारी