क्रूझवरून किनाऱ्यावर उतरताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कॅरिबियन क्रूझचे जहाज वाटेतल्या बंदरांना लागते, तेव्हा प्रवासी काही तासांसाठी उतरून जी सहल करतात तिला शोअर एक्सकर्शन म्हणतात. मायामी, फोर्ट लॉडरडेल किंवा पोर्ट कॅनाव्हेरलहून निघणाऱ्या सात रात्रींच्या सफरीत साधारण तीन-चार बंदरे येतात. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेसारख्या गावातून अशा सफरीचा योग बहुधा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असली की येतो. तिकीट मुले काढतात, आई-वडील ऐन वेळी सामील होतात आणि कोणत्या बंदरावर काय पाहायचे हे ओळखीच्या कुणीतरी सांगितलेल्या दोन-चार गोष्टींवर ठरते. त्या गोष्टींत खरे थोडे आणि ऐकीव फार असते.

गैरसमज : जहाज नऊ तास थांबणार, म्हणजे फिरायला नऊ तास मिळणार.

वेळापत्रकात 'सकाळी ८ ते संध्याकाळी ५' असे छापलेले असते. ती जहाजाच्या येण्या-जाण्याची वेळ असते. स्थानिक अधिकाऱ्यांची मंजुरी मिळाल्याशिवाय कुणालाही खाली सोडत नाहीत आणि मग हजारो लोक एकाच वेळी दाराशी येतात, त्यात अर्धा-पाऊण तास जातो. परत चढण्याची शेवटची वेळ निघण्याच्या साधारण अर्धा तास आधीची असते. हाती उरतात साडेसात-आठ तास.

मेक्सिकोतील कोझुमेल बेटाचे उदाहरण घेतले की हिशेब स्पष्ट होतो. माया संस्कृतीचे चिचेन इत्सा पाहायचे, अशी अनेकांची इच्छा असते. पण कोझुमेल हे बेट आहे आणि चिचेन इत्सा मुख्य भूमीवर, बरेच आत आहे. आधी पाऊण तासाची फेरीबोट, मग सुमारे अडीच तास बस. जाऊन-येऊन साडेसहा तास वाटेतच जातात. आठ तासांत हे बसवले तर पिरॅमिडसमोर जेमतेम तासभर उभे राहता येते, तेही भर उन्हात. मुक्काम लांबलेला असेल तरच ही सहल घेण्यात अर्थ आहे. किनाऱ्यालगतचे तुलुम त्या मानाने जवळ पडते. आणि माया अवशेषच पाहायचे असतील तर ते कोझुमेलवरही आहेत. सान हेर्वासिओ येथे इश्चेल देवीचे जुने ठाणे आहे आणि तिथे जायला फेरीबोट लागत नाही. नाव कमी ऐकलेले आहे एवढ्यासाठी ते वगळू नये.

काही ठिकाणी जहाज धक्क्याला लागतच नाही. ग्रँड केमनच्या जॉर्जटाउनला ते समुद्रात नांगर टाकते आणि प्रवाशांना टेंडर नावाच्या छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. धक्का बांधावा की नाही यावर २०२५ मध्ये तिथे सार्वमत झाले आणि मतदारांनी नकार दिला, त्यामुळे ही पद्धत एवढ्यात बदलणारी नाही. टेंडरच्या रांगेत आणखी वेळ जातो. लाटा मोठ्या असतील तर ते बंदरच रद्द होते. व्हीलचेअरवरच्या किंवा गुडघ्यांनी त्रस्त माणसाला डोलत्या बोटीत पाऊल टाकणे अवघड जाते, म्हणून टेंडरचे बंदर कोणते, हे तिकीट काढतानाच विचारावे.

गैरसमज : मोबाइलवरची वेळ चुकत नाही.

मोबाइल चुकत नाही, तो वेगळी वेळ दाखवतो. कोझुमेल ज्या किंताना रू राज्यात आहे, तिथे २०१५ पासून वर्षभर एकच प्रमाणवेळ आहे. उन्हाळ्यात घड्याळ पुढे केले जात नाही. मायामीत मात्र ते पुढे होते. मे महिन्यात मायामीहून निघालेले जहाज मायामीच्याच वेळेवर चालत असेल, तर जहाजावर पाच वाजलेले असताना किनाऱ्यावरच्या मोबाइलवर चार वाजलेले दिसतात. अशा वेळी निवांत खरेदी करत बसलेल्या कुटुंबासमोरून जहाज निघून जाते. उतरताना दाराशी 'शिप टाइम' लिहिलेला असतो, तोच प्रमाण मानावा. हातात साधे घड्याळ असले तर उत्तम.

गैरसमज : जहाजाची सहल म्हणजे लूट, किंवा उलट, बाहेरची सहल म्हणजे फसवणूक.

दोन्ही मते सारख्याच ठामपणे सांगितली जातात आणि दोन्ही अर्धवट आहेत. जहाजाच्या सहलीला जास्त पैसे पडतात, त्यात एक हमी असते : ती सहल उशिरा परतली तर जहाज थांबते किंवा प्रवाशांना पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. बंदर रद्द झाले तर पैसेही परत मिळतात. स्वतंत्रपणे फिरणाऱ्याला यातले काहीच नसते. जहाज चुकले तर पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते, त्यात विमानाचे भाडे आणि कदाचित आणखी एका देशाचा व्हिसा आला. स्थानिक सहल-चालकाने पैसे परत द्यायचे की नाही, हे त्याच्या अटींवर अवलंबून असते.

म्हणून निर्णय अंतरावर घ्यावा. ठिकाण दूर असेल, वाटेत फेरीबोट किंवा एकच अरुंद रस्ता असेल, तर जहाजाची सहल. बंदराला लागूनच गाव असेल, तर वेगळे पैसे मोजायचे कारण नाही. सेंट मार्टेनच्या फिलिप्सबर्गला धक्क्यावरून चालत समुद्रकिनारा गाठता येतो, नासाऊचा जुना बाजार बंदरासमोरच आहे. बऱ्याच बेटांवर टॅक्सीचे दर सरकार ठरवते. मात्र दर माणशी आहे की गाडीमागे, आणि कोणत्या डॉलरमध्ये, हे बसण्याआधी विचारलेच पाहिजे. यूएस व्हर्जिन आयलंड्समध्ये तो माणशी असतो. पाच जणांच्या कुटुंबाला हा फरक चांगलाच जाणवतो.

गैरसमज : सगळी बेटे सारखीच, एक पाहिले की सगळी पाहिली.

या समजुतीमुळे प्रत्येक बंदरावर 'बीच'च निवडला जातो आणि तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. प्रत्यक्षात अरुबा कोरडे आहे, तिथे निवडुंग उगवतात. सेंट लुशिया ज्वालामुखीतून घडलेले. सुफ्रिएरजवळ उकळत्या गंधकाची कुंडे आहेत आणि तिथले पिटन्स हे दोन सुळके २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. जमैकात ओचो रिओसजवळ डन्स रिव्हरचा धबधबा पायऱ्यापायऱ्यांनी समुद्राला मिळतो. बार्बाडोस प्रवाळाच्या चुनखडीचे बेट आहे.

मराठी प्रवाशाने बार्बाडोसला उतरल्यावर किनारा थोडा बाजूला ठेवावा, असे मनापासून सांगावेसे वाटते. ब्रिजटाउनच्या क्रूझ बंदरापासून केन्सिंग्टन ओव्हल मैदान चालत जाण्याजोग्या अंतरावर आहे. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजमध्ये मालिका जिंकली, तेव्हा चौथ्या कसोटीत याच मैदानावर मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी १५० धावा काढल्या आणि दुसऱ्या डावात सुनील गावसकर ११७ धावांवर नाबाद राहिले. गावसकरांची ती पहिलीच मालिका होती. चार कसोटींत त्यांनी ७७४ धावा केल्या. त्यानंतर २९ जून २०२४ रोजी इथेच भारताने दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवून टी-२० विश्वचषक जिंकला. कर्णधार रोहित शर्माचा जन्म नागपूरचा. जहाजाच्या माहितीपत्रकात हे मैदान शेवटच्या पानावर असेल किंवा नसेलही. मैदान त्या दिवशी पाहायला खुले आहे का, एवढे आधी विचारून घ्यावे.

त्रिनिदाद मोठ्या क्रूझच्या मार्गावर क्वचित येते. आले तर तेही सोडू नये. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' जहाजातून पहिले भारतीय मजूर तिथे उतरले. त्यांच्या वंशजांच्या स्वयंपाकातून आलेले 'डबल्स' म्हणजे 'बारा' नावाच्या मऊ, तळलेल्या पुऱ्यांमध्ये भरलेले छोले. शाकाहारी माणसाला कॅरिबियनच्या रस्त्यावर इतके निर्धास्त खाणे दुसरीकडे सहज मिळत नाही.

गैरसमज : पोहता येते, म्हणजे समुद्रातले सगळे प्रकार जमतील.

विहिरीत किंवा धाम नदीच्या डोहात पोहायला शिकलेल्या माणसाला पाण्याची भीती नसते. पण समुद्राला ओढ असते आणि लाट तोंडावर येते तेव्हा श्वासाची लय बिघडते. स्नॉर्कलिंग दिसायला सोपे : तोंडात नळी, डोळ्यांवर चष्मा, पाण्यावर पालथे पडायचे. तरी हृदयविकार किंवा दमा असलेल्यांना तेवढे श्रमही जड जाऊ शकतात. उलट, पोहता न येणाराही लाइफ जॅकेट घालून उथळ, शांत खाडीत मासे पाहू शकतो. प्रश्न पोहण्याचा कमी आणि जागेच्या निवडीचा जास्त आहे.

स्कूबाच्या आधी आरोग्याची प्रश्नावली भरून घेतात. ती 'नाही, नाही' करत भरणे धोक्याचे आहे. दमा, कानाची शस्त्रक्रिया, हृदयाची औषधे यांची उत्तरे खरीच द्यावीत. आणखी एक नियम सहज विसरला जातो : एका साध्या डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर किमान १८ तास विमानात बसू नये. रक्तात विरघळलेला नायट्रोजन कमी दाबात बुडबुडे होऊन बाहेर येतो आणि त्याने गंभीर इजा होते. सफरीच्या शेवटच्या दिवशी स्कूबा आणि दुसऱ्या सकाळी विमान, हा बेत करण्यापूर्वी तास मोजावेत.

डन्स रिव्हरसारख्या ठिकाणी ओल्या खडकांवरून, एकमेकांचे हात धरून सुमारे १८० मीटर लांबीचा धबधबा चढतात. साठी ओलांडलेल्यांनी बाजूच्या पायऱ्यांनी जावे. प्रत्येक सहलीपुढे ती सोपी, मध्यम की दमछाक करणारी, हे लिहिलेले असते. कुटुंबातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला धरून ती निवडावी, नाहीतर दोन गट करून दोन सहली घ्याव्यात. सगळ्यांनी एकत्रच राहायचे या आग्रहापायी आजी बसमध्ये बसून राहते. अनेक विमा पॉलिसींत स्कूबा, पॅरासेलिंग असे प्रकार वगळलेले असतात, तेही वाचून घ्यावे.

गैरसमज : तिकिटात सगळे आले.

तिकिटात खोली, जेवण आणि जहाजावरची बरीचशी करमणूक येते. सहली, टिप आणि इंटरनेट सहसा वेगळे. कंपन्यांच्या खाजगी बेटांवर, उदाहरणार्थ रॉयल कॅरिबियनच्या कोकोकेवर, किनारा, खुर्च्या आणि दुपारचे साधे जेवण तिकिटात असते, वॉटरपार्कचे पैसे निराळे.

गैरसमज : अमेरिकेचा व्हिसा आहे, आता चिंता नाही.

अमेरिकेतून निघालेले जहाज परदेशी बंदराला लागून परत येते, म्हणजे परतताना अमेरिकेत पुन्हा प्रवेश करावा लागतो. त्यासाठी अनेकदा प्रवेशाची मुभा असलेला व्हिसा हवा. तिथे नोकरी करणाऱ्या मुलांनी जास्त जपावे. एच-१बी व्हिसाचा शिक्का संपलेला असताना कॅनडा-मेक्सिकोच्या अल्प भेटीसाठी जी सवलत आहे, ती एच-१बी धारकांना कॅरिबियन बेटांसाठी नाही. शिवाय प्रत्येक बेट हा वेगळा देश किंवा वेगळा प्रदेश असल्याने भारतीय पासपोर्टसाठीचे नियम बेटागणिक तपासावे लागतात.

गैरसमज : जून ते नोव्हेंबर तिकडे जाऊच नये.

१ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम आहे, मात्र त्याचा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असतो. जहाजे या काळातही चालतात आणि वादळाला वळसा घालतात. बदलतात ती बंदरे. अरुबा, बोनेअर आणि कुरासाव दक्षिणेला असल्याने बहुतेक वादळांच्या वाटेबाहेर राहतात. या हंगामात जाणाऱ्याने पैसे परत मिळतील अशीच सहल आरक्षित करावी.

सामानाचेही काही नियम माहीत हवेत. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद, सेंट लुशिया अशा अनेक देशांत सामान्य नागरिकाने लष्करी छापाचे कपडे घालणे बेकायदा आहे, लहान मुलांनीसुद्धा. तसेच यूएस व्हर्जिन आयलंड्स आणि अरुबात २०२० पासून प्रवाळाला घातक ऑक्सिबेन्झोन असलेल्या सनस्क्रीनवर बंदी आहे. जहाजावरची फळे किंवा शिजवलेले अन्न किनाऱ्यावर नेता येत नाही. शाकाहारी प्रवाशाने बंद पाकिटातली बिस्किटे किंवा चिवडा बरोबर ठेवावा.

गैरसमज : क्रूझ अनुभवायची तर कॅरिबियनलाच जावे लागते.

कॉर्डेलिया क्रूझेसचे 'एम्प्रेस' हे जहाज सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून सफरी करू लागले. हे जहाज मूळचे कॅरिबियनचेच. १९९० मध्ये फ्रान्समधील सेंट-नाझेर येथे ते 'नॉर्डिक एम्प्रेस' म्हणून बांधले गेले, मायामीहून बहामाजच्या तीन-चार रात्रींच्या सफरींसाठी. पुढे २०१७ ते २०१९ या काळात ते क्युबालाही जात होते. वर्ध्याहून सेवाग्राम किंवा विदर्भ एक्स्प्रेसने सुमारे ७६० किलोमीटरवरचे सीएसएमटी गाठले की बॅलार्ड पिअर तिथून अगदी जवळ आहे. गाडीला उशीर होऊ शकतो, म्हणून एक दिवस आधी पोहोचावे.

गोव्यात जहाज मुरगाव बंदराला लागते. तिथून पणजी रस्त्याने सुमारे तीस किलोमीटर, बागा-कळंगुट त्याहून पुढे. एका दिवसात उत्तरेचे किनारे, जुन्या गोव्याची चर्च आणि मंगेशीचे दर्शन असे सगळे जमवायला गेले तर दिवस टॅक्सीतच संपतो. यांपैकी एकच दिशा निवडावी. लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो, आणि प्रवाळाच्या कड्याबाहेर थांबलेल्या जहाजातून छोट्या बोटीने उतरावे लागते. ग्रँड केमनच्या टेंडरची रंगीत तालीम इथेच होऊन जाते. आई-वडिलांना बोटीतली चढ-उतार झेपते का, लाटांनी पोटात ढवळते का, किती तास चालवते, हे मुंबई-गोवा-लक्षद्वीपच्या सफरीत कळते. ज्यांनी कधीच जहाजावर पाय ठेवलेला नाही, त्यांनी कॅरिबियनचे तिकीट काढण्यापूर्वी ही सफर जरूर करून पाहावी.