ढोलकीमागचा इतिहास

चैत्र जवळ आला की बोरी बुद्रुकसारख्या कुकडीकाठच्या गावांतली पंचमंडळी नारायणगावची वाट धरतात. तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडलेल्या असतात. सुपारी ठरते, तारीख मिळते, आणि यात्रेच्या रात्री ढोलकी कडाडते. आपण खेळ पाहतो आणि घरी येतो. पण हे गाणे आले कुठून, असे कधी मनात येते का?

आधी पोवाडा पाहू. अफझलखानाच्या वधावर (१६५९) अज्ञानदासाने आणि सिंहगडाच्या लढाईवर (१६७०) तुळशीदासाने रचलेले पोवाडे आपल्याकडे जुने मानले जातात. शाहीर डफावर थाप देऊन कडवे म्हणतो. मागचे झीलकरी शेवटचा सूर उचलून ‘जी जी’ करतात, तेवढ्यात शाहिराला दम घ्यायला सवड मिळते. तुणतुण्याला तार एकच, पण ती सूर हलू देत नाही. असे हे गाणे पिढ्यान् पिढ्या गळ्यातच राहिले. ॲकवर्थ साहेब व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ते गोळा करून १८९१ साली छापले, तेव्हा कुठे त्याला कागद मिळाला.

उत्तर पेशवाईत लावणी बहरली. तिचे शाहीर कोण होते? होनाजी गवळी, त्याचा जोडीदार बाळा शिंपी, सगनभाऊ मुसलमान, संगमनेरचे अनंत फंदी आणि सोलापूरचे राम जोशी ब्राह्मण. म्हणजे गाण्याला जात नव्हती! पुढे गण, गवळण, बतावणी, लावणी आणि वग असा तमाशाचा क्रम बसला. आधी गणपतीला वंदन, मग कृष्णाची थट्टा, आणि शेवटी रात्र सरेपर्यंत कथा.

गाण्याला जात नव्हती; पण ते पुढे चालवण्याचे ओझे मात्र बहुतेक मांग, महार, कोल्हाटी समाजांतल्या कलावंतांनीच वाहिले. नारायणगावच्या भाऊ-बापूंच्या फडात वाढलेल्या विठाबाईंना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. २००२ साली त्या वारल्या; २००६ पासून राज्य शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. हे योग्यच झाले. पण ज्या बाईच्या गाण्यावर आपण फेटे उडवतो, तिला दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या ओसरीवर बसवून चहा देतो का? ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

गुरुजींना एक विनंती आहे. तुमच्या गावात ढोलकीवाले, सुरते, झीलकरी असतील. कोणी म्हातारे झाले असतील. मुलांना वही देऊन त्यांच्याकडे पाठवा. कोणता ताल, कोणता वग, तो कोणापासून शिकला, एवढेच लिहून आणू द्या. मुलांना इतिहास कळेल, आणि त्या म्हाताऱ्याला, गावातल्या कोणीतरी आपल्याला ‘बाबा, तुम्ही सांगा’ म्हटले, एवढे तरी समाधान लाभेल.