चावीची आगगाडी: दुरुस्तीत पैसा आहे की खरेदी-विक्रीत?

व्हिडिओत चावी भरली आणि इंजिन पळालं, तेवढं बघायला मजा आली. पण पैशाचं गणित तिथे मावत नव्हतं, म्हणून इथे लिहितोय.

आधी माल ओळखा. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीने 1920 मध्ये चावीवर चालणाऱ्या पत्र्याच्या गाड्या बाजारात आणल्या. त्याच्याही आधी, 1891 मध्ये, जर्मनीच्या मार्कलिनने खेळण्यातल्या रुळांची मापं ठरवून टाकली होती. म्हणजे गिऱ्हाईक आज इंजिन घेणार, दिवाळीला डबे, पुढच्या वर्षी रूळ. काय डोकं लावलंय बघा! ‘ओ गेज’मध्ये दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर 32 मिलिमीटर असतं. मुंबईच्या चोरबाजारात जाताना खिशात छोटी पट्टी ठेवाच.

घेताना रंगापेक्षा चाकं बघा. जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव चाकं जुनी झाली की फुगतात, तडकतात. ती दुरुस्त होत नाहीत, बदलावी लागतात. मग चावी हळूच फिरवा. आतली पोलादी स्प्रिंग आवळली जाते, खाचांच्या चाकात खटका अडकून तिला धरून ठेवतो आणि दातेरी चाकं तो जोर हळूहळू गाडीच्या चाकांना देतात. कटकट आवाज येतोय पण चावी मागे घसरतेय? खटका झिजलाय. चावी फिरतच नाही? बऱ्याचदा नुसतं वाळलेलं ग्रीस असतं, आणि अशीच गाडी स्वस्तात मिळते. उघडण्याआधी स्प्रिंग पूर्ण सैल करा, नाहीतर बोट फाटेल. दातेरी चाकं रॉकेलमध्ये धुवा, रॉकेल पत्र्याच्या रंगाला लागू देऊ नका, आणि शेवटी पातळ तेलाचा एकेक थेंब. स्प्रिंगचं काम येत नसेल तर जुना घड्याळजी गाठा. डाग लावायला भांडी बाजारात विचारा, आपल्या नाशकात हात असलेले कारागीर अजून आहेत.

एक गोष्ट मात्र करू नका. नवा रंग देऊ नका! संग्राहक मूळ रंगाचे पैसे देतो, भले तो खरवडलेला असो. चकचकीत केलेली गाडी त्याच्या दृष्टीने खराब केलेली गाडी असते.

आता हिशोब. समजा, इंजिन 3,000 रुपयांना घेतलं. सुटे भाग आणि डाग मिळून 700. तुमचे 14 तास गेले. विकलं 5,000 ला. वहीत 1,300 नफा दिसतो आणि आपण खूश. पण स्वतःला ताशी 150 रुपये धरले तर मजुरीच 2,100 होते, म्हणजे 800 रुपये तोटा. वर तो माल चार-सहा महिने कपाटात पडून राहिला तर भांडवल अडकलं ते वेगळंच. तीच गाडी दुसऱ्याची असेल तर? भांडवल त्याचं, मजुरी तुमची, सुट्या भागांचे पैसे आगाऊ. माझं मत स्पष्ट आहे: पहिलं वर्ष दुरुस्तीच करा, खरेदी नंतर.

तिसरी वाट बघायची तर पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय बघून या. 1998 पासून चालू आहे. तिथल्या गाड्या चावीच्या नाहीत, विजेवर चालतात. पण गाडी विकायची नाही, चालवून दाखवायची आणि तिकीट लावायचं, हा विचार तिथे शिकायला मिळतो.

आणि परदेशी गिऱ्हाइकाचा मेसेज आला की लगेच पार्सल बांधू नका. ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू 100 वर्षांची झाली की ती 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. 1920 च्या सुमारास बनलेल्या गाड्यांनी आता शंभरी गाठली आहे. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला आधी घ्या, मगच भाव बोला.